पाचव्या बेटाचा शिक्का

पोर्ट ब्लेअर,
४ जुलै २०२४

प्रिय चारू,

पोचलो एकदाचा. मी आणि सायकल, दोघंही धड आहोत. विमानात द्यायला सायकल पूर्ण खोलून खोक्यात भरली होती. इथं लॉजच्या व्हरांड्यात पुन्हा जोडली, तर एक नट उरला. खिशात ठेवलाय. कुठला आहे ते वाटेत कळेलच.

तुझ्या सायकलची घंटी काढून तू माझ्या हँडलला बसवलीस, ती मात्र खणखणीत वाजते. इथल्या चढावर मला धाप लागते तेव्हा ती वाजवतो. म्हणजे आपण दोघं आहोत असं वाटतं.

भेटेल तो एकच विचारतो, या दिवसांत कशाला आलात? लॉजवाला म्हणाला, "ऑफ सीझन में कौन आता है, अंकल?" मी सांगितलं, दारव्ह्याच्या रिटायर पोस्टमास्तरनं पाठवलं. मी दिवाळीनंतर जाऊ म्हणत होतो, तूच मागे लागलास. "गर्दी नसते, भाव निम्मे असतात, जा तू आत्ताच." भाव निम्मे आहेत हे कबूल. पण पाऊस दुप्पट आहे आणि बोट सुटेल की नाही हे सकाळी धक्क्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

ठरलंय तसंच करतो. पाच बेटं, पाच पोस्ट, पाच शिक्के. चौतीस वर्षं लोकांच्या टपालावर शिक्के मारलेस आणि तुझ्या नावानं बाहेरगावाहून एक पत्र आलं नाही, हे तुझं जुनं दुखणं. ते या वयात मी बरं करतोय. हा पहिला. यापुढं नील, हॅवलॉक, लाँग आयलंड आणि शेवटी खाली दूर हट बे.

समुद्र पाहिला. तीस वर्षं मोजणीदार म्हणून लोकांच्या बांधावर उभा राहिलो, बांध नसलेलं रान पहिल्यांदाच पाहिलं. कुठून मोजायला लागावं तेच कळेना.

तुझ्या गुडघ्यानं दगा दिला नसता तर शेजारी दुसरी सायकल असती. उत्तर नीलच्या पोस्टमास्तरांच्या पत्त्यावर टाक, मी जाऊन घेईन.

तुझा,
यज्ञेश्वर

*

दारव्हा,
१३ जुलै

प्रिय यज्ञ्या,

शिक्का मिळाला. शाई जरा जास्त झाली आहे, पण तारीख स्पष्ट आहे. मारणारा नवीन असावा. जुना माणूस शिक्का दाबत नाही, टेकवतो.

तो नट मागच्या मडगार्डचा असणार. आत्ताच बसव, नाही तर समुद्रात मडगार्ड शोधत बसशील.

भिंतीवर नकाशा लावलाय. पोर्ट ब्लेअरवर लाल टाचणी टोचली. रजनी म्हणाली, "आतापर्यंत या भितीवर देव होते, आता बेटं आली. नैवेद्य कोणाले दाखवू?"

एक सूचना आहे आणि ती चेष्टेत घेऊ नको. पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. तू वेंधळा आहेस. फाटकंतुटकं पत्र माझ्या घरी येऊ देऊ नको. मयताच्या पत्राचा कोपरा फाडायची आपली रीत तुला ठाऊकच आहे. आता मोबाइलवर कळवतात, पण मी नोकरीला लागलो तेव्हा थैलीतून रोज एक-दोन तरी अशी कार्डं निघायची. पोस्टमनला मी बजावून ठेवलं होतं, कोपरा फाटका दिसला तर नावानं हाक मारायची नाही. आधी माणसाला ओसरीवर बसवायचं, पाणी मागायचं, म्हणजे तोही पाणी पितो. मग हातात द्यायचं. आणि ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं, बाहेरच फाडून टाकायचं. घरात कोणी दुखणाईत असलं तर त्याच्या वाऱ्यालाही येऊ द्यायचं नाही. रजनीनं हे सगळं माझ्यासोबत चौतीस वर्षं पाहिलंय. ती लाइटचं बिल आलं तरी आधी चारी कोपरे बघते.

गुडघा तसाच आहे. यवतमाळला दाखवणं चालू आहे. तू माझी चिंता करू नको, चेन ओली राहू देऊ नको.

तुझा,
चारू

*

नील बेट,
२२ जुलै

प्रिय चारू,

तुझं पत्र इथं माझ्या मागोमाग पोचलं. बोट तीन दिवस सुटली नाही. इथले पोस्टमास्तर म्हणाले, "दारव्हा कहाँ पडता है?" मी तुझा पिनकोड सांगितला, ४४५२०२. आयुष्यात पाठ झालेला हा एकच नंबर.

आणि आता तोच उरलाय. माझा मोबाइल समुद्राला गेला. बोटीत सायकल वर टपावर बांधतात. गॅसचे सिलिंडर, कांद्याची पोती, कोंबड्यांच्या टोपल्या आणि मध्ये माझी सायकल. तिचा दोर सैल झाला म्हणून वाकलो, तर खिशातून सुळकन गेला. नटही गेला. मडगार्ड शाबूत आहे, म्हणजे तो मडगार्डचा नव्हता, पोस्टमास्तर! नवीन मोबाइल घेणार नाही. नंबर सगळे त्यातच होते, अभिषेकचाही पाठ नाही. पोराला कार्ड टाकलंय की बाप जिवंत आहे, रोज फोन करून विचारू नको. खरं सांगू, दोन दिवस चुकल्यासारखं झालं आणि तिसऱ्या दिवशी इतकं हलकं वाटलं की काय विचारतोस.

बेट केवढं? आपण दारव्ह्याहून नेरला सायकलनं जायचो ना, त्यात अशी दोन-तीन बसतील. सकाळी निघालो की जेवणाआधी फेरी पूर्ण. खाणावळींना कुलूप, खुर्च्या उलट्या रचलेल्या. मी मासे नाही खात म्हटल्यावर एका बाईनं कीव येऊन वरण-भात करून दिला. किनाऱ्यावर मी एकटाच. एवढा मोठा समुद्र एकट्यानं बघायला लाज वाटते रे. सोबत कोणीतरी "अबे पाह्य ना!" म्हणणारं पाहिजे.

तुझं पत्र मात्र सर्क्युलर वाचल्यासारखं वाटतं. स्वतःचं काही लिहीत नाहीस. गुडघ्याला दाखवायला यवतमाळ कशाला लागतं? आपल्या गावचा डॉक्टर मेला का? नीट सविस्तर लिही. उत्तर हॅवलॉकला.

तुझा,
यज्ञेश्वर

*

दारव्हा,
३१ जुलै

प्रिय यज्ञ्या,

नीलचा शिक्का उत्तम. दुसरी टाचणी टोचली.

नट चेनकव्हरचा असेल. नेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाडीनं तुला कट मारला होता, तेव्हापासून ते कव्हर ढिलंच होतं. तेव्हाही तू घंटी वाजवत बसलास, ब्रेक मारला नाहीस.

जास्त लिहीत नाही, हात जरा थरथरतो. सगळं ठीक आहे. पाचही शिक्के झाल्याशिवाय परत येऊ नको. आलास तर दार उघडणार नाही.

चारू

भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ही ओळ लिहिते, यांना माहीत नाही. गुडघा नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी यवतमाळला नेऊन रक्त शुद्ध करून आणावं लागतं. दोन्ही किडन्या गेल्या. मी सांगितलं असं म्हणू नका. रजनी.

*

लाँग आयलंड,
१० ऑगस्ट

चारू,

हॅवलॉकचा शिक्का दोन ओळींच्या कार्डावर परवा पाठवलाय. तुझं पत्र तिथंच मिळालं, पण लगेच काही लिहिता आलं नाही. धक्क्यावर बसून राहिलो. बोट लागली, सायकल कोणीतरी चढवली, मी तिच्या मागं गेलो.

मला कळलंय. कसं कळलं ते विचारू नको आणि घरात कोणावर चिडू नको. लेका, साठ वर्षांची ओळख, आणि तू मला गुडघा सांगतोस? दिवाळीपर्यंत थांबू म्हणालो तेव्हा घाई का केलीस ते आता समजलं. मला राग आलाय. तुझा आलाय आणि त्याहून जास्त माझा. तुझा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि मी म्हणालो, "रिटायर झाल्यावर सुटलास बे."

आता नीट वाच. इथून एकच बोट पोर्ट ब्लेअरला जाते, तीही हवा असेल तर. मला तुझ्याजवळ यायचंय. शिक्के गेले खड्ड्यात. पण तू दार उघडणार नाही असं लिहिलंस, आणि मी तुला ओळखतो, तू खरंच उघडणार नाहीस. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस तुला चालत नाही. म्हणून तुझ्यावरच सोडतो. मी इथं ३१ ऑगस्टच्या बोटीपर्यंत थांबतो. तोवर तुझं उत्तर येऊन पोचतं. "ये" एवढंच लिही, मी निघालो. काहीच आलं नाही तर समजेन की तुझा हुकूम कायम आहे, पुढं जायचं.

आणि हो, या अंतर्देशीय पत्राचा कोपरा बघून दचकू नको. हे शेवटचंच उरलं होतं. बोटीत शेजारी एक बकरी बांधली होती. मी समुद्राकडे बघत होतो आणि तिनं पिशवीत तोंड घालून कोपरा खाल्ला. इथल्या पोस्टात आज दुसरं नाही, उद्या रविवार, आणि पुढं दोन दिवस पावसामुळं बोट बंद राहायची लक्षणं आहेत. थांबलो तर टपाल चुकेल, म्हणून यावरच लिहितोय. तू म्हणाला होतास पत्रं प्लास्टिकमध्ये ठेव. ऐकलं नाही. तुझं मी कधी ऐकलं?

उत्तर दे. वाट बघतोय.

यज्ञ्या

*

दारव्हा,
२३ ऑगस्ट

प्रिय यज्ञ्या,

हॅवलॉकचं कार्ड १७ ला आलं. त्यानंतर तुझं काही नाही. रोज टपालाच्या वेळी खाट दाराकडे वळवून घेतो. रजनी गेटवर जाते आणि रिकाम्या हातानं येते. तिचा चेहरा तुझ्यासाठी माझ्यापेक्षा उतरलाय.

मी डोकं चालवलं. लाँग आयलंडचं पत्र आलं नाही, त्याअर्थी तिकडची बोट बंद असणार, त्याअर्थी तू तिथं गेलाच नसशील. तिकडं पत्र टाकलं तर पडून राहील. हट बे शेवटचं, तिथं तू जाणारच. म्हणून हे हट बेला टाकतो. चौतीस वर्षांचा अनुभव आहे, पत्र माणसाला गाठेल अशा ठिकाणी टाकावं.

यज्ञ्या, गुडघ्याचं खोटं होतं. किडन्या गेल्या आहेत. जानेवारीतच डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवाळीचं काही सांगता येत नाही. आपल्या दोघांचं बेटांचं वेड निदान एकानं तरी पुरं करावं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत व्हावं, म्हणून तुला पावसात हाकललं. वाटलं होतं, टाचण्या टोचत टोचत दिवस जातील. गेलेही. पण आता मला भीती वाटते. दिवसाउजेडी वाटते. रजनीला सांगता येत नाही, तीच माझ्याकडे बघून जगते आहे. तुला सांगता आलं असतं.

रागावला आहेस का? दार उघडणार नाही असं लिहिलं ते खरं मानू नको. दार उघडंच आहे.

शिक्का राहू दे. ये.

चारू

*

पोर्ट ब्लेअर,
२ सप्टेंबर

प्रिय चारू,

एकवीस दिवस थांबलो. लाँग आयलंडच्या पोस्टमास्तरांना माझी दया यायला लागली होती. थैली उघडायच्या आधीच ते मान हलवायचे. तुझं उत्तर आलं नाही.

तू असाच आहेस. पोस्टात असतानाही कोणाचा अर्ज नापसंत असला तरच तू बोलायचास, गप्प राहिलास म्हणजे मंजूर. तुझ्या गप्प राहण्याचा मी तोच अर्थ लावलाय. लावताना मन खात होतं, तरी लावला.

काल रविवारी इथं उतरलो. एका दुकानातून दारव्हा पोस्टाचा नंबर शोधून फोन लावला, निदान कोणी तुझ्या घरी निरोप देईल. वाजत राहिला. वाजणारच, रविवार. आज पुन्हा लावला, तर लाइनच बंद. आज सकाळी चौकात उभा होतो. एक रस्ता विमानतळाला जातो, दुसरा धक्क्याला. सायकल घेऊन किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक, एका रिक्षावाल्यानं विचारलं, "रास्ता भूल गये क्या?" मग धक्क्याकडे वळलो. तू म्हणशील तसं करायचं ठरलं होतं.

हट बेची बोट समुद्र खवळल्यामुळं बंद आहे. कधी सुटेल ते कोणी सांगत नाही. रोज सकाळी जाऊन बघतो.

चुकत असलो तर मला माफ कर.

यज्ञ्या

*

दारव्हा,
३ सप्टेंबर

यज्ञेश्वर भाऊजींना रजनीचा नमस्कार.

हे गेले. गुरुवारी, २९ तारखेला, सकाळी नऊच्या सुमारास. शुक्रवारी यवतमाळला जायचं म्हणून मी पिशवी भरत होते. मागे वळून पाहिलं तर संपलं होतं.

तुमचा फोन लागत नाही. तुमच्या अभिषेकलाही तुमचा ठावठिकाणा माहीत नाही, त्याच्याकडे तुमचं जुलैचं कार्ड तेवढं आहे. म्हणून हट बेला लिहिते. यांनीही शेवटचं पत्र तिथंच टाकायला लावलं होतं.

भाऊजी, मला तुम्हाला एक सांगायचंय. सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. तुमचं लाँग आयलंडचं पत्र १९ तारखेलाच आलं होतं. गेटवर माझ्या हातात पडलं. कोपरा नव्हता. पाठीमागे तुमचं नाव होतं, पण मला वाटलं, तुमचंच पत्र घेऊन कुणी तिकडून कळवलंय, तुम्ही समुद्रात गेलात. उघडायचा धीर झाला नाही. हे आतून विचारत होते, "काय आलं व? यज्ञ्याचं आलं काय?" मी म्हटलं, काही नाही, मीटरवाला होता. आणि ते पत्र बाहेरच्या लाइट मीटरच्या पेटीत ठेवून दिलं. आजारी माणसाच्या घरात तसलं पत्र आणायचं नसतं, हे यांनीच मला शिकवलं होतं. वाटलं, यांना थोडं बरं वाटलं की सांगू. दहा दिवस ते त्या भिंतीच्या आत झोपले होते आणि तुमचं पत्र त्याच भिंतीच्या बाहेर होतं.

रोज विचारायचे. "यज्ञ्या कायले रागावला असन? मी त्याले काय म्हटलं?" मला वाटायचं, माझ्या एकटीलाच माहीत आहे की तुम्ही नाही. तुमच्या नावानं मी मोरीत जाऊन रडत होते. शेवटच्या दिवशी म्हणाले, "त्यानं दरवाजा वाजवला की उघड. घंटी माझी आहे, मले आवाज समजते."

काल मीटरची पेटी उघडली. म्हटलं, आता घरात सुतक आहेच, आणखी एक वाईट बातमी आत आली तर काय फरक पडतो. वाचलं. बकरीनं खाल्लं म्हणून लिहिलंत. "ये" एवढंच लिही म्हणून लिहिलंत. भाऊजी, ते हात जोडून "ये" म्हणाले असते. नव्हे, म्हणालेच होते, फक्त तुमच्यापर्यंत जाऊ शकलं नाही. यात तुमची चूक नाही. माझी आहे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला.

या पत्राचा कोपरा मी फाडलेला नाही. लोक म्हणतील रीत मोडली. हातात कात्री घेतली होती, पण झालं नाही. एका कोपऱ्यानं एवढं केलं, आता पुन्हा कोपऱ्याला हात लावणार नाही.

भिंतीवर तीन टाचण्या होत्या. काल चौथी मी टोचली.

रजनी

*

हट बे,
१२ सप्टेंबर

प्रिय चारू,

पोचलो! पाचवं बेट. नऊ दिवस धक्क्यावर काढले तेव्हा बोट सुटली.

घाईत लिहितोय. ही बोट तासाभरात परत फिरते, ती चुकली तर पुढची आठ दिवसांनी. पोस्टमास्तर थैली बांधायला बसलेत, माझ्यासाठी दहा मिनिटं थांबलेत. सायकलही बोटीच्या टपावरच बांधून ठेवलीय. चष्मा तिच्याच पिशवीत राहिला. हे अंदाजानं लिहितोय, अक्षराला हसू नको.

इथं माझ्या नावानं दोन पाकिटं निघाली, एक आधीच येऊन पडलेलं, एक माझ्याच बोटीच्या थैलीतून आलेलं. एक तुझ्या अक्षरातलं, ते बिनचष्म्यानंही ओळखता येतं, आणि एक वहिनींचं. पोस्टमास्तरांनी ती पुढं केली तेव्हा हात पुढं होईना. सांगायला हरकत नाही, मी घाबरलो होतो. मग तुझीच रीत आठवली. आधी बोटांनी कोपरे चाचपले. दोन्ही पाकिटांचे चारी शाबूत. छातीवरचा धोंडा उतरला बघ. तिथंच खाली बसलो. पोस्टमास्तरांनी पाणी दिलं.

पाकिटं आता बोटीत बसून निवांत वाचतो. शिव्या असतील तर परतीच्या वाटेवर पुरतील.

पाचवा शिक्का पत्रावर बघ. माझ्यासमोर मारला. म्हातारा माणूस आहे, दाबला नाही, टेकवला.

आता थांबत नाही. पोर्ट ब्लेअर, विमान, नागपूर. मंगळवार उजाडेल. मंगळवारी तू दारव्ह्याला नसतोस, म्हणून मी नागपूरहून सरळ यवतमाळलाच उतरतो. तुला आत नळ्या लावून झोपवलं असेल, तू उठू नको. दवाखान्याच्या दाराशी घंटी वाजवतो. ऐकलीस की समज.

तुझा,
यज्ञ्या